अलेफची धुळाक्षरं

उर्दूचं कुठलंही पहिलं पुस्तक उघडा, पहिल्याच पानावर एक उभी रेघ भेटते. शिकवणारे सांगतात, "हा अलिफ, म्हणजे आपला अ." आपणही निर्धास्तपणे वहीत तसं लिहून घेतो. चार दिवसांनी 'इस' हा शब्द येतो आणि त्याच्या सुरुवातीला तीच रेघ असते. मग 'उस' येतो, तिथेही तीच. 'एक', 'ऊपर', 'और', सगळ्यांच्या दारात ही रेघ उभी. मी गणित शिकवतो, उर्दू हौसेने शिकलो, आणि शिकताना पहिले दोन आठवडे नेमका इथेच अडलो होतो. पुढे हिब्रूची ओळख करून घेताना तोच अनुभव आला, तिथे याच अक्षराला अलेफ म्हणतात. वर्गात अनंत संच शिकवताना फळ्यावर 'अलेफ-शून्य' लिहिलं की मुलं बिचकतात, तेही मी दर वर्षी पाहतो.

म्हणून ही धुळाक्षरं. अरबी, उर्दू, हिब्रू यांपैकी काहीही शिकायला घेतलं असेल, किंवा गणितात हे चिन्ह पहिल्यांदा समोर आलं असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने चढा. पहिल्या दोन पायऱ्या सगळ्यांसाठी आहेत. पुढच्या आपापल्या गरजेप्रमाणे घ्या.

पायरी १: 'अ' बाजूला ठेवा, घशाकडे लक्ष द्या

अलेफ हे मुळात व्यंजन आहे. ही गोष्ट पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

हे कसलं व्यंजन? रांगतं मूल गरम तव्याकडे हात नेतं तेव्हा आपण काय म्हणतो? "अ! अ!" दोन्ही 'अ' तोडून, मध्ये घसा क्षणभर बंद करून. ती जी घशातली झडप मिटते आणि उघडते, तो अलेफ. झडप उघडल्यावर जो 'अ' ऐकू येतो तो वेगळा, तो स्वर. हाताचं बोट कंठावर ठेवा आणि हे चार-पाच वेळा म्हणून पाहा. झडप मिटल्याचं बोटाला जाणवतं.

आता झडप तीच ठेवा आणि स्वर बदला: "इ! इ!", "उ! उ!", "ए! ए!" सुरुवातीची मिटलेली झडप चारही वेळा सारखीच आहे. म्हणूनच एकाच अक्षरापासून 'इस'ही सुरू होतो आणि 'उस'ही.

मराठीत या झडपेला वेगळं अक्षर नाही, कारण तिच्यामुळे आपल्याकडे अर्थ बदलत नाही. सेमिटिक भाषांत, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातल्या भाषांत, बदलतो. तिथल्या बहुतेक शब्दांचा सांगाडा तीन व्यंजनांचा, आणि ही झडप त्यातलं एक व्यंजन असू शकते. ती वगळली तर सांगाड्यातलं एक हाडच गेलं.

पायरी २: बैलाचं डोकं काढा

ही पायरी कागद-पेन्सिल घेऊनच करा. इंग्रजी कॅपिटल 'ए' काढा आणि कागद उलटा फिरवा. वर दोन शिंगं, खाली निमुळतं होत गेलेलं तोंड, आडव्या रेघेच्या जागी कपाळ. पोळ्याला लहान मुलं बैल काढतात तसाच.

हा योगायोग नाही. पश्चिम सेमिटिक भाषांत 'अल्प' किंवा 'अलेप' म्हणजे बैल, आणि प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडी भाषेत 'अल्पू' म्हणजेही बैलच. सिनाई द्वीपकल्पात सेराबित अल-खादिम इथे प्राचीन इजिप्तच्या पिरोजाच्या खाणी होत्या. तिथे पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १९०५ साली दगडांवर कोरलेली काही विचित्र चिन्हं सापडली. चित्रं इजिप्तच्या धाटणीची, पण वाचली तर अर्थ लागेना. १९१६ साली इजिप्तच्या लिपीचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी एक कल्पना मांडली. चित्राचं सेमिटिक नाव घ्या आणि त्या नावाचा फक्त पहिला ध्वनी वाचा. घराचं चित्र, 'बेत', म्हणून ब. बैलाचं डोकं, 'अल्प', म्हणून घशातली झडप. या रीतीने एक शब्द वारंवार जुळला: 'बालत', म्हणजे स्वामिनी, तिथल्या देवीचं नाव. आपण अंकलिपीत 'ग गणपतीचा' शिकतो, त्याच युक्तीवर ही सगळी वर्णमाला उभी राहिली. फरक एवढाच की त्यांनी गणपतीचं चित्रच अक्षर म्हणून ठेवलं.

पुढे लिहिणाऱ्यांच्या घाईत डोकं आडवं झालं, शिंगं सरळ झाली. फिनिशियन व्यापाऱ्यांकडून ही अक्षरं ग्रीकांनी उचलली. ग्रीकांच्या भाषेत त्या झडपेला काम नव्हतं, पण स्वरांना चिन्हं हवी होती. त्यांनी रिकामं पडलेलं अक्षर 'आ' या स्वराला दिलं आणि नाव ठेवलं 'अल्फा'. व्यंजनाचा स्वर झाला तो तिथे. 'अल्फाबेट' हा शब्द म्हणजे बैल आणि घर, एवढंच.

आपल्याकडेही एक धागा पोचतो. अरामी ही फिनिशियनमधूनच निघालेली लिपी. ब्राह्मीतला 'अ' आणि अरामी अलेफ शेजारी ठेवले तर साम्य डोळ्यांत भरतं. ब्राह्मीचा जन्म अरामी लिपीतून झाला असं अनेक अभ्यासक मानतात, सगळे मानत नाहीत. वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीबद्दल मात्र फारसा वाद नाही. ती अरामीवरून आली, उजवीकडून डावीकडे लिहिली जायची, आणि तिच्यात इ, उ, ए, ओ हे सगळे स्वर 'अ'लाच खुणा जोडून काढत. हे लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत उपयोगी पडेल.

एक बारीक गोष्ट. अलेफ सगळ्या सेमिटिक लिप्यांत पहिला आहे असं सरसकट म्हणू नका. इथिओपियाच्या गीझ लिपीचा क्रम 'हा'पासून सुरू होतो आणि तिथला 'अल्फ' बराच मागे आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये मातीच्या पाट्यांवर ३० चिन्हांची वर्णमाला सापडली, तिच्यात तर अलेफ तीन आहेत: अ-चा, इ-चा आणि उ-चा. मला उगारितच्या लेखनिकांचं फार कौतुक वाटतं. नव्याने शिकणाऱ्याला जे अवघड जातं ते त्यांनी ओळखलं होतं.

पायरी ३: हिब्रू अलेफ गिरवा

आधी डावीकडून वरून उजवीकडे खाली एक तिरपी रेघ ओढा. मग उजव्या बाजूला वर एक छोटा हात काढा, तो येऊन तिरप्या रेघेला टेकला पाहिजे. शेवटी डाव्या बाजूला खाली एक छोटा पाय. हात आणि पाय तिरप्या रेघेला एकाच ठिकाणी टेकत नाहीत. नवशिके इथे चुकतात आणि इंग्रजी 'एक्स' काढून बसतात. दिवसाला एक ओळ अशी आठवडाभर गिरवली की हात बसतो. हाताने भराभर लिहायचं वळण वेगळं आहे, एक उभी रेघ आणि तिला लागून एक बाक. पण छापील आकार पक्का झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

आता वाचन. पहिले दोन शब्द घ्या, दोन्ही घरातले: 'आबा' म्हणजे वडील आणि 'ईमा' म्हणजे आई. 'आबा'ची अक्षरं अलेफ, बेत, अलेफ. 'ईमा'ची अलेफ, मेम, अलेफ. दोन्हींच्या सुरुवातीला अलेफच आहे, पण एकात त्याच्यावर 'आ' बसला आहे आणि दुसऱ्यात 'ई'. शेवटचा अलेफ दोन्हीकडे गप्प आहे, तो फक्त 'शब्द आकारान्त आहे' असं सुचवतो. 'आदम' म्हणजे माणूस, 'एश' म्हणजे विस्तव, 'ओर' म्हणजे उजेड, हे तिन्ही शब्दही अलेफनेच सुरू होतात.

मग कुठे काय वाचायचं ते कळतं कसं? मुलांच्या पुस्तकांत आणि धर्मग्रंथांत अक्षरांखाली-वर टिंबं-रेघा असतात, त्यांना निक्कुद म्हणतात. वर्तमानपत्रांत त्या नसतात, शब्द ओळखीचा असावा लागतो. त्यामुळे सुरुवातीचे तीन-चार महिने निक्कुद असलेलंच वाचा. आजच्या बोली हिब्रूत घशातली झडपही बरीचशी विरून गेली आहे, पण लेखनातला अलेफ जागचा हललेला नाही.

इस्रायलमध्ये अलेफ 'पहिला' या अर्थाने रोज कानावर पडतो. पहिली इयत्ता म्हणजे 'किता अलेफ'. नव्याने आलेल्यांना भाषा शिकवणाऱ्या 'उल्पान' वर्गांची पहिली पातळीही अलेफच.

पायरी ४: अरबी आणि उर्दू अलिफ

ही पायरी सगळ्यांत मोठी, कारण महाराष्ट्रात बहुतेकांची गाठ याच अलिफशी पडते. मालेगाव, भिवंडी, छत्रपती संभाजीनगर इथे उर्दू शाळा आहेत, मुंबईत उर्दू वर्तमानपत्रं निघतात, आणि आखातात नोकरीला गेलेल्यांच्या समोर तर पाट्या रोजच असतात.

आकार अगदी सोपा: एक उभी रेघ. सुटी असेल तर वरून खाली ओढायची. मागच्या अक्षराला जोडून आली तर जोडापासून खालून वर न्यायची. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की अलिफ मागच्या अक्षराचा हात धरतो, पण पुढच्याला हात देत नाही. म्हणजे अलिफनंतर कलम उचलायचंच. वाव, दाल, रे हीसुद्धा त्याच जातीची अक्षरं. लाम आणि अलिफ लागोपाठ आले की मात्र दोघांचा मिळून एक खास आकार होतो, तो वेगळा गिरवावा लागतो.

सुलेखन शिकायचं असेल तर बोरू घ्या. मोडी आणि बाळबोध ज्या तिरप्या कापाच्या बोरूने लिहीत, तसाच वेताचा कलम तिथेही असतो. बोरू टेकवून किंचित सरकवला की शंकरपाळ्यासारखा चौकोनी ठिपका उमटतो, तो नुक्ता. अलिफची उंची या ठिपक्यांनी मोजतात: नस्तालीक वळणात साधारण ३, नस्खमध्ये ५, सुलुसमध्ये ७. ठिपक्यांनी अलिफ आणि अलिफने बाकीची अक्षरं मोजायची ही पद्धत बगदादचे वजीर इब्न मुकला यांनी बसवली, असं मानतात. त्यांचा मृत्यू ९४० सालचा. कागदावर एकावर एक ३ ठिपके टाका, शेजारी तेवढ्याच उंचीची रेघ ओढा आणि पुढची सगळी अक्षरं त्या मापात बसवा. अक्षर कुणाचंही असो, महिन्याभरात सुधारतं.

आता वाचनाकडे. उर्दूत 'अब' लिहायला अलिफ आणि बे, बस. 'आब', म्हणजे पाणी, लिहायला त्याच अलिफवर एक लहरी रेघ द्यायची, तिला मद म्हणतात. 'आम', 'आज', 'आराम' सगळे मदवाले.

'इस' आणि 'उस' मात्र दोन्ही अलिफ-सीन असेच लिहितात, हुबेहूब एकसारखे. खाली बारीक तिरपी रेघ, म्हणजे झेर, दिली तर 'इस'. वर वावासारखं छोटं पेश दिलं तर 'उस'. छापील मजकुरात दोन्ही खुणा सहसा गाळतात. वाक्यावरून ठरवायचं. 'और' आणि 'ओर' यांचंही तेच, अक्षरं अलिफ, वाव, रे.

इथे मला नेहमी सावरकरांची लिपिशुद्धी आठवते. त्यांनी सुचवलं होतं की इ, ई, उ, ऊ अशी वेगळी अक्षरं कशाला. दुसऱ्या पायरीतल्या खरोष्ठीसारखं 'अ'लाच वेलांट्या-उकार लावा: अि, अी, अु, अू. हीच ती 'अ'ची बाराखडी. जुन्या मराठी पुस्तकांत 'अितिहास' असं छापलेलं दिसतं, ते त्यामुळे. त्या बाराखडीतला 'अ' स्वतः काही बोलत नाही, स्वराला बसायला जागा देतो. उर्दू अलिफ शब्दाच्या सुरुवातीला नेमकं हेच करतो. आणि शब्दाच्या मध्ये आला की तो आपला काना होतो: बे आणि अलिफ म्हणजे 'बा'. दिसतोही कान्यासारखाच, उभी रेघ. देवनागरी काना वेगळ्या वाटेने आला, दोघांचं नातं नाही, पण लक्षात ठेवायला याहून चांगली खूण मला मिळालेली नाही. सुरुवातीला 'अ'ची पाटी, मध्ये काना. एवढं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मग ती घशातली झडप गेली कुठे? अरबीत तिला स्वतंत्र चिन्ह मिळालं, हमजा. आठव्या शतकात बसऱ्याला अल-खलील इब्न अहमद नावाचे मोठे व्याकरणकार होऊन गेले. ऐन या अक्षराचं डोकं छोटं करून हमजाची खूण त्यांनी काढली, असं सांगतात. हा हमजा कधी अलिफच्या डोक्यावर बसतो, कधी पायाशी. वर असेल तर अ किंवा उ, खाली असेल तर इ. अरबी वाचताना हे काटेकोर पाळतात. उर्दूत शब्दारंभी तो लिहीत नाहीत.

काही ठिकाणी अलिफ लिहितात पण वाचत नाहीत. आपण रोज 'बिलकुल नाही' म्हणतो ना, तो 'बिलकुल' उर्दूत बे, अलिफ, लाम, काफ, लाम असा लिहितात. मधला अलिफ 'अल' या अरबी उपपदाचा. अक्षरश: वाचायला गेलं तर 'बालकल' होईल. उलट काही ठिकाणी 'आ' वाचतात पण उभा अलिफ नसतो. मुख्यमंत्र्यांना उर्दू बातम्यांत 'वजीर-ए-आला' म्हणतात. त्या 'आला'च्या शेवटी ये आहे आणि त्याच्या डोक्यावर इवलासा खडा अलिफ.

आता मराठी माणसासाठी खास सराव. आपल्या भाषेत फारसी-अरबीतून आलेले शेकडो शब्द आहेत, आणि मराठीत येताना अलिफ आणि ऐन दोघांचाही 'अ' झाला. ऐन हे पूर्ण वेगळं अक्षर, अरबीत त्याचा उच्चार घशात खोलवर होतो. कुठल्या शब्दात कोण आहे ते ओळखा. अव्वल, अस्सल, अमीर, अदब, अमानत, इमान, इनाम, इरादा, इशारा, उस्ताद, उमेद, औलाद हे अलिफचे. अब्रू, अखेर, आजार, आमदनी हे मदवाल्या अलिफचे. अक्कल, अर्ज, अंमल, अजब, अदालत, अत्तर, इज्जत, इलाज, इमारत, औरत हे ऐनचे. कचेरीत अर्ज द्यायचा, अंमल करायचा, अदालतीत जायचं, हा सगळा कारभार ऐनचा निघाला याची मला पहिल्यांदा मोठी गंमत वाटली होती. रोज पाच शब्द या रीतीने लिहा. मराठीभाषकाला हा साठा फुकटात मिळालेला आहे, तो वापरा.

पायरी ५: अलेफ म्हणजे १

हिब्रू आणि अरबी दोन्हीकडे अक्षरांना किमती आहेत: अलेफ १, बेत २, असं करत दहा, मग दशकं, मग शतकं. अरबीतल्या या मोजणीला अबजद म्हणतात.

रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या पाटीवर ७८६ हा आकडा तुम्ही पाहिलाच असेल. तो असा येतो. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' यातली लिहिलेली अक्षरं घ्या. 'बिस्म': बे २, सीन ६०, मीम ४०, मिळून १०२. 'अल्लाह': अलिफ १, लाम ३०, पुन्हा लाम ३०, हे ५, मिळून ६६. 'अर्-रहमान': १, ३०, २००, ८, ४०, ५०, मिळून ३२९. 'अर्-रहीम': १, ३०, २००, ८, १०, ४०, मिळून २८९. बेरीज करा, बरोबर ७८६. आता बारकाईने पाहा: या सगळ्यात अलिफ फक्त तीन मोजले गेले. 'बिस्म'मधला 'इस्म'चा अलिफ इथे लिहीतच नाहीत, आणि 'रहमान'मधला 'मा' खड्या अलिफचा, म्हणून तो हिशेबात नाही. एक जरी जास्त धरला तरी बेरीज चुकते. अलिफ कुठे लिहितात आणि कुठे नाही, याचा याहून चांगला धडा नाही.

हिब्रूत 'एमेत' म्हणजे सत्य. अक्षरं अलेफ, मेम, ताव. परंपरेने वर्णमालेतलं पहिलं, मधलं आणि शेवटचं. प्रागच्या ज्यू दंतकथेत मातीच्या पुतळ्याच्या कपाळावर हा शब्द लिहून त्याला जिवंत करतात. त्याला थांबवायचं असेल तर नुसता अलेफ पुसायचा. उरतं 'मेत', म्हणजे मेलेला.

पायरी ६: गणितातला अलेफ

इथे माझी तक्रार आधी नोंदवतो: विद्यार्थ्यांना हे चिन्ह 'अनंताचं दुसरं चिन्ह' म्हणून सांगितलं जातं. ते चूक आहे. आडव्या आठासारखं जे चिन्ह आपण सीमा काढताना वापरतो ते 'वाढतच जातं' एवढंच सांगतं. अलेफ मोजणी सांगतो: या संचात घटक किती?

जर्मनीतल्या हाल्ले इथे शिकवणाऱ्या गेओर्ग कँटर यांनी १८९५ सालच्या लेखात अनंत संचांच्या मापांसाठी अलेफ वापरला. ग्रीक आणि रोमन अक्षरं आधीच दुसऱ्या कामांना जुंपलेली होती. अलेफ मोकळा होता, आणि त्याचा अर्थ 'एक', म्हणजे नवी सुरुवात.

वाचायचं असं: अलेफच्या पायाशी शून्य असेल तर 'अलेफ-शून्य'. हे १, २, ३, ४ अशा नैसर्गिक संख्यांच्या संचाचं माप. आता वहीत दोन ओळी लिहा. वर १, २, ३, ४. खाली २, ४, ६, ८. वरच्या प्रत्येकाला खाली जोडीदार आहे, खालच्या प्रत्येकाला वर आहे, कुणी एकटं उरत नाही. म्हणून सम संख्याही अलेफ-शून्यच. अपूर्णांकही तेवढेच भरतात. वास्तव संख्या मात्र त्याहून जास्त आहेत, हे कँटर यांनी १८७४ मध्ये सिद्ध केलं आणि १८९१ मध्ये कर्णरेषेची सुंदर युक्ती वापरून पुन्हा दाखवलं. सगळ्या दशांश संख्यांची यादी केली असं समजा. पहिल्या संख्येचा पहिला अंक बदला, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असं करत नवी संख्या बनवा. ती यादीतल्या प्रत्येकीपेक्षा कुठे ना कुठे वेगळी, म्हणजे यादीत नाहीच.

दुसरी नेहमीची चूक: वास्तव संख्यांचं माप 'अलेफ-एक' असं लिहून टाकणं. अलेफ-एक म्हणजे अलेफ-शून्यनंतरचं लगेचचं मोठं माप. वास्तव संख्या नेमक्या तेवढ्याच आहेत का, हा प्रश्न गणितज्ञ हिल्बर्ट यांनी १९०० साली पॅरिसमध्ये मांडलेल्या न सुटलेल्या प्रश्नांच्या यादीत पहिला होता. गणिताच्या नेहमीच्या गृहीतकांवरून हे खोटं ठरवता येत नाही असं गोडेल यांनी दाखवलं, आणि १९६३ साली पॉल कोहेन यांनी दाखवलं की खरंही ठरवता येत नाही. उत्तरपत्रिकेत अलेफ-एक लिहिण्याआधी एवढं आठवा.

जुन्या गणिताच्या पुस्तकांत अलेफ कधी कधी उलटा छापलेला सापडतो. छपाईचा साचाच चुकून उलटा बनला होता. तसं पान दिसलं तर ते वेगळं चिन्ह समजू नका.

गणिताबाहेरही हे नाव फिरतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्म कणांना वेग देणाऱ्या २७ किलोमीटरच्या जुन्या यंत्रावर चार मोठी शोधकयंत्रं होती, त्यातल्या एकाचं नाव अलेफ. आणि बायबलच्या हस्तलिखितांचे अभ्यासक चौथ्या शतकातल्या सिनाई प्रतीचा उल्लेख नुसत्या अलेफने करतात.

पायरी ७: फोनवर आणि संगणकावर

फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा जोडा: हिब्रू, अरबी किंवा उर्दू. संगणकावरच्या नेहमीच्या हिब्रू मांडणीत अलेफ इंग्रजी 'टी'च्या कळीवर असतो, अरबी मांडणीत अलिफ 'एच'वर.

युनिकोडमध्ये हिब्रू अलेफ वेगळा आणि गणिती अलेफ वेगळा, दिसायला जवळजवळ सारखे असले तरी. हिब्रूचा क्रमांक ०५डी०, गणिताचा २१३५. वर्डमध्ये २१३५ टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा, गणिती चिन्ह उमटतं. गणिताचा मजकूर जुळवायच्या लाटेक या प्रणालीत उलट्या तिरप्या रेघेनंतर इंग्रजीत अलेफ लिहायचं. गणितात हिब्रूचं अक्षर वापरू नका. ते उजवीकडून डावीकडे चालणारं अक्षर आहे, त्यामुळे पुढचा शून्य आणि कंस जागा बदलतात. मी एकदा अख्खी प्रश्नपत्रिका या चुकीने बिघडवली होती, छापायच्या आदल्या रात्री एकेक ओळ सरळ करत बसलो.

अरबी-उर्दूत आणखी जपावं लागतं. साधा अलिफ ०६२७, मदवाला ०६२२, वर हमजा असलेला ०६२३, खाली हमजा असलेला ०६२५. संगणकाला ही चार वेगळी अक्षरं. शोधताना शब्द सापडला नाही तर अलिफ बदलून पाहा. आखातातली मुलं चॅटवर इंग्रजी लिपीत अरबी लिहिताना हमजासाठी २ आणि ऐनसाठी ३ हा आकडा टाकतात. मेसेजमध्ये शब्दाच्या पोटात २ दिसला तर ती घशातली झडप आहे, गणित नाही.

पायरी ८: बाहेर पडून वाचा

कान्हेरीच्या लेण्यांत पारशी यात्रेकरूंनी पहलवीत कोरलेले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पहलवी ही अरामीची लेक, म्हणजे अलेफ मुंबईत हजार वर्षांपूर्वीच येऊन गेला. ते वाचणं तज्ज्ञांचं काम आहे, पण पाहायला काय हरकत आहे.

हिब्रूसाठी कोकणातल्या बेने इस्रायली समाजाकडे जा. शतकानुशतकं मराठी बोलणारे, तेलाच्या धंद्यामुळे आणि शनिवारच्या सुटीमुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले हे लोक. वल्हांडण या ज्यू सणाची हिब्रू पोथी मराठीसह मुंबईत १८४६ साली छापली गेली आणि पुण्यात १८७४ साली. हिब्रू अलेफ आणि मराठी 'अ' एकाच पानावर, आपल्याच गावात. मुंबईत मांडवीला १७९६ सालचं शआर हारहमीम हे त्यांचं सर्वांत जुनं प्रार्थनास्थळ आहे. ते लोक त्याला 'मशीद' म्हणत, आणि शेजारच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं असं मानतात. पुण्याच्या कॅम्पात डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं ओहेल डेव्हिड आहे, पुणेकरांचं 'लाल देऊळ'. आत जायचं असेल तर आधी परवानगी घ्या, डोकं झाका, आणि शनिवारी जाऊ नका, तो त्यांचा शब्बाथ.

अशा ठिकाणी भिंतीवर किंवा पवित्र कपाटाच्या वर बहुधा दोन गोल माथ्याच्या पाट्या दिसतात, दहा आज्ञांच्या. हिब्रू उजवीकडून वाचतात, तेव्हा उजवी पाटी पहिली. तिच्या अगदी वरच्या ओळीवर नजर ठेवा. तिथे नुसते क्रमांक असतील तर पहिला क्रमांक अलेफ. शब्द असतील तर पहिला शब्द 'आनोखी', म्हणजे 'मी', आणि त्याचंही पहिलं अक्षर अलेफ. तिरपी रेघ, वर हात, खाली पाय, तुम्ही आठवडाभर वहीत गिरवलेला तोच.